वठलेली अकरा झाडं

खंडेरावांना झाडांतलं कळतं, अशी कार्यालयात त्यांची ख्याती होती. ही ख्याती त्यांनी स्वतः पसरवली नव्हती. पण कोणी बोलून दाखवली तर नाकारलीही नव्हती, आणि पुढचं सगळं त्या न नाकारण्यातून घडलं.

मूळचे ते मालेगावचे. यंत्रमागांच्या गल्लीत लहानाचे मोठे झालेले. तिथं झाड म्हणाल तर गल्लीच्या टोकाला एक कडुनिंब, आणि त्यालाही कायम चार सायकली टेकवलेल्या. सरकारी कारकुनी मिळून नाशिक रोडला आल्यावर एका रविवारी वाचनालयात वृक्षांवरचं एक जाड पुस्तक त्यांच्या हाती लागलं. प्रत्येक झाडाला एक पृष्ठ. वर पानाचं चित्र, खाली फुलाचं. माणसांशी बोलताना खंडेरावांची जीभ टाळ्याला चिकटायची, पण त्या पुस्तकाशी त्यांचं जमलं. पुढची कित्येक वर्षं ते पुस्तक वाचनालयापेक्षा त्यांच्याच घरी जास्त राहिलं. बसच्या खिडकीतून ते झाडं ओळखत, आणि एखादं ओळखता आलं की परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे मनातल्या मनात खूश होत. एकदा कार्यालयाच्या आवारातल्या झाडाचं नाव साहेबांना कोणीच सांगेना, तेव्हा मागून खंडेराव हळूच म्हणाले, ‘करंज.’ त्या दिवसापासून ते ‘झाडवाले भाऊसाहेब’ झाले. ज्या माणसाला पंचवीस वर्षांत ‘ती फाइल द्या’ यापलीकडे कोणी काही म्हटलं नव्हतं, त्याला हे नाव किती गोड लागलं असेल, ते सांगायला नको.

सिंहस्थ दीड वर्षावर आला तशी रस्त्यांची कामं निघाली. देवळाली कॅम्पाच्या बाजूचा एक जुना जोडरस्ता रुंद करायचा होता. दोन्ही अंगांना मळे आणि कडेला झाडंच झाडं. तोडायच्या झाडांची यादी करायचं काम अर्थातच झाडवाल्या भाऊसाहेबांकडे आलं. यादी दोन भागांत करायची होती. ‘अ’ म्हणजे जिवंत झाडं. त्यांच्यासाठी जाहीर नोटीस, लोकांच्या हरकती, सुनावणी. ‘ब’ म्हणजे वठलेली; त्यांना हरकत घेणार कोण? ती सही झाली की तोडायला मोकळी.

माघातले दिवस होते. खंडेराव पेन आणि वही घेऊन पुढं, आणि टेप व रंगाचा डबा घेऊन शिपाई पुंजाराम मागं. छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, आकडा लिहायचा, बुंध्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक टाकायचा. मळेवाडीच्या वळणावर एका ओळीत अकरा झाडं लागली. अंगावर एक पान नाही. वाळक्या पिवळट शेंगा तेवढ्या लोंबत होत्या आणि वारा आला की खुळखुळत होत्या. खंडेराव बराच वेळ वर बघत राहिले. त्यांच्या पुस्तकात सगळी झाडं पानाफुलांची होती. उघडं-बोडकं झाड एकाही पृष्ठावर नव्हतं. नाव काही आठवेना, आणि पुंजारामासमोर ‘मला ओळखता येत नाही’ असं म्हणवेना.

पुंजाराम म्हणाला, “नख लावून बघू का, भाऊसाहेब? आत हिरवं असंल तर जितं हाय.”

खंडेरावांनी त्याला झाड वठतं कसं, मुळं कशी कुजतात, हे दोन-तीन वाक्यांत समजावून सांगितलं. पुंजारामनं मान डोलावली. तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणता तर असंल, असं म्हणून त्यानं ब्रश बुडवला. दोनशे चार ते दोनशे चौदा. जातीच्या रकान्यात खंडेरावांनी लिहिलं, ‘ओळख पटत नाही’, आणि पुढच्या रकान्यात, ‘वठलेले’. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. साहेबांनी ते बघून कौतुकही केलं आणि ‘ब’ यादीवर तिथल्या तिथं सही केली.

गुढीपाडवा होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा तोडणारी टोळी आली. सहा माणसं, दोर, पाचरी, आणि पेट्रोलवर चालणारं एक चेनचं मशीन. मशीन चालवायचा सोमा. दिंडोरीकडचा, तिशीचा, अंगानं काटक. कानात कापसाचे बोळे घालायची त्याला सवय होती. झाडं दाखवायला यादी घेऊन खंडेराव हजर राहायचे होते. सकाळी आठच्या सुमाराला ते वळणावर स्कूटरवरून उतरले आणि जागच्या जागी थबकले.

अकराच्या अकरा झाडं हिरवीगार होती. नुसती हिरवी नव्हेत, फुललेली. रेशमी तंतूंचे पिवळसर पांढरे गोंडे फांद्याफांद्यांवर, आणि खाली रस्त्यावर त्यांचा सडा. पुस्तकातलं पान कोणी फाडून समोर धरावं, इतकं स्पष्ट. शिरीष. डाव्या बाजूचं पृष्ठ, वरच्या कोपऱ्यात चहाचा डाग पडलेला. नाव आता कसं झटकन आठवलं. आणि त्या हिरव्या झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगात त्यांचेच क्रमांक.

सोमानं मशीन खाली ठेवलं, वर पाहिलं, मग खंडेरावांकडे पाहिलं.

“भाऊसाहेब, हीच ना? जरा यादी बघून सांगा.”

खंडेरावांनी यादी उघडली. खरं म्हणजे उघडायची गरज नव्हती. शब्द ओठांशी आला होता: थांब, चूक झाली. पाठोपाठ दुसरंही आलं. कार्यालय आलं, चहाच्या वेळची माणसं आली, ‘झाडवाले भाऊसाहेब शिरीषाला मढं समजले’ हे वाक्य आलं आणि त्यामागचं हसूही आलं. नोकरी जाईल, अशी भीती त्यांना नव्हती; अशा चुकीनं कोणाची नोकरी जात नाही. कुठल्या तरी मोठ्या भयानं आपण गप्प बसलो, असं त्यांना पुढं स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. लाज वाटली म्हणून गप्प बसलो, एवढंच खरं.

“यादीत आहे,” ते म्हणाले.

“यादीत हाय ना, मंग झालं,” म्हणून सोमानं मशीन सुरू करायची दोरी ओढली.

कुऱ्हाडीच्या दिवसांत एवढं झाड पाडायला निम्मा दिवस जाई. तेवढ्यात माणसाला विचार करायला, घाम पुसायला, कोणाला तरी बोलावून आणायला वेळ मिळे. मशीननं तेवढी सवड ठेवली नव्हती. सोमानं पडायच्या बाजूला खाच घेतली, मागच्या बाजूनं पाती घातली, दोन माणसांनी दोर ताणला, आणि दोनशे चार क्रमांकाचं झाड रस्त्यावर आडवं झालं. ताज्या भुशाचा आणि फुलांचा वास पेट्रोलच्या धुरात मिसळला. खंडेरावांनी स्वतःला सांगितलं, आता पुढचं सुरू व्हायच्या आत बोलायचं. दोनशे पाच पडलं. मग त्यांना वाटलं, एक पडलं असतं तर चूक म्हणता आलं असतं, दोन पडल्यावर आपण पहिल्यालाच का बोललो नाही, असं विचारतील. दोनशे सहा पडलं. प्रत्येक झाडागणिक बोलणं अवघड होत गेलं, आणि अवघड होत गेलं म्हणून आणखी एक झाड पडत गेलं. दुपारपर्यंत नऊ पडली.

दहाव्यापाशी मशीन एकदम अडखळलं आणि सोमानं ते बंद केलं. कानातले बोळे काढत तो खंडेरावांजवळ आला. “चेन गेली. ही दोन उद्या,” एवढंच म्हणाला. घामेजल्या तोंडानं क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला, मग टोळीला घेऊन फांद्या छाटायला गेला. खंडेरावांना वाटलं, या माणसानं ओळखलंय. आपल्याला एक रात्र दिलीय.

ती शेवटची दोन झाडं रंगूबाईच्या मळ्याच्या तोंडाशी होती. रंगूबाई झेंडू आणि शेवंती करायची. पहाटे फुलं घेऊन नाशिकला बाजारात जायची आणि दुपार कलली की टेंपोनं परत यायची. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत. ती टेंपोतून उतरली तेव्हा रस्त्यावर उन्हाचा लोळ पडला होता. सकाळी जाताना तिथं सावली होती. ती डोक्यावरची पाटी तशीच धरून ओंडक्यांच्या कडेकडेनं आली आणि खंडेरावांसमोर उभी राहिली. कोणाच्या हुकमानं, असं तिनं विचारलं. खंडेरावांनी, रस्त्याचं काम आहे, ही झाडं वठलेली म्हणून यादीत आहेत, असं पुटपुटत सांगितलं.

रंगूबाईनं पायाखालची फुलं बघितली. “वठल्याली? थंडीत पानं गाळतंय ते, दरसालचं हाय. ज्यानं यादी केली त्याला माझा निरोप सांगा, भाऊसाहेब. टक्कल पडलं म्हणून माणसाला सरणावर ठेवीत नाय म्हणावं.”

टोळीतली माणसं हसली. खंडेरावांचा हात आपसूक आपल्या टकलाकडे गेला आणि त्यांनी तो अर्ध्यावरून खाली घेतला.

“सांगतो त्याला,” ते म्हणाले.

या एका वाक्यानं त्यांना नऊ झाडांपेक्षा जास्त छळलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर ते दहाव्या झाडाजवळ गेले आणि पुंजारामनं सांगितलं होतं तसं सालीला नख लावलं. पातळ करडा पापुद्रा निघाला आणि खाली ओलं, पोपटी हिरवं दिसलं. एवढंच करायचं होतं. पाच वर्षांच्या पोराला जमलं असतं.

घरी बायकोनं, छायाताईंनी, जेवायला वाढलं. आज भाकरी का उरवली, असं त्यांनी विचारलं, तर उन्हामुळं, असं खंडेरावांनी सांगितलं. तिलाही खरं सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ते साहेबांच्या बंगल्यावर गेले. रात्रीतून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगायचं. पण हातात जो कागद नेला त्यात मात्र त्यांच्यातल्या कारकुनानं वेगळीच वाट काढली होती. कागदावर होतं: ‘क्रमांक २१३ व २१४ या वृक्षांस पुनःपाहणीत नवी पालवी फुटल्याचे आढळले. सबब ते ‘ब’ यादीतून ‘अ’ यादीत घ्यावेत.’ एक अक्षर खोटं नव्हतं आणि सगळा कागद खोटा होता.

साहेब दाढी करत होते. म्हणजे मेलेली झाडं जिवंत झाली म्हणता, असं त्यांनी आरशातून विचारलं.

“तसं म्हणता येईल,” खंडेराव म्हणाले.

“आणि बाकीच्या नऊंचं?”

“ती पडली, साहेब.”

“मग ती वठलेलीच होती,” साहेब म्हणाले आणि साबणाच्या बोटांनी सही केली.

दोन झाडं वाचली. सुनावणीत कोणीतरी रस्ता हातभर सरकवायचं सुचवलं आणि तेही मंजूर झालं. पण गावात ही गोष्ट गेली ती वेगळ्याच रूपानं. वठलेल्या झाडांना पालवी फुटली; रंगूबाईच्या मळ्याचं पाणी त्यांना लागत होतं; आणि सरकारी माणूस असून भाऊसाहेबांनी ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं, सकाळी साहेबांच्या घरी धावत गेले, सही आणली. एक मेला ग्रामपंचायतीसमोर झेंडावंदन झालं की गावातल्या कर्तबगार माणसांचा सत्कार करायची मळेवाडीची रीत होती. त्या वर्षी मागच्या दहावीत पहिली आलेली मुलगी, कुस्ती मारून आलेला पहिलवान आणि झाडवाले भाऊसाहेब, अशी तीन नावं निघाली.

खंडेरावांनी नाही म्हणून पाहिलं. सरपंच म्हणाले, मोठी माणसं नाहीच म्हणतात. नाही म्हटल्यानं मान आणखी वाढला. शेवटी ते गेले, खुर्चीवर बसले, अंगावर शाल आली, हातात नारळ आला. मग त्यांना ‘दोन शब्द’ बोलायला लावलं. माईक त्यांच्या तोंडापेक्षा उंच होता. खाली रंगूबाई पहिल्या रांगेत बायकांत बसली होती. खंडेराव म्हणाले, “मी काही केलेलं नाही. या सत्काराला मी पात्र नाही.” टाळ्या पडल्या. सरपंचांनी माईक घेऊन, विनय शिकावा तर यांच्याकडून, असं पोरांना सांगितलं. अजून एक वाक्य पुढं बोलायचं होतं. ते वाक्य तयार होतं. खंडेराव खाली बसले.

चहा चालू होता तेव्हा रंगूबाई त्यांच्याजवळ आली. तो नारळ तिच्याच घरचा आहे, असं तिनं कौतुकानं सांगितलं. मग हसत म्हणाली, “त्या यादीवाल्याला दिला का माझा निरोप, टकलाचा?”

आता पळायला जागा नव्हती. किंवा असेल, पण खंडेरावांचं अंग पळून पळून थकलं होतं.

“रंगूबाई, यादी मीच केली होती.”

तिनं कप खाली ठेवला. “नऊ बी तुम्हीच लिवली?”

“सगळी अकरा. मला झाड ओळखता आलं नाही. आणि तोडताना कळलं होतं, तरी मी उभा राहून बघितलं.”

रंगूबाईनं त्यांच्या अंगावरच्या शालीकडे पाहिलं. ओरडेल, माणसं गोळा होतील, असं खंडेरावांना वाटलं आणि होऊ दे असंही वाटलं. पण तिनं आवाज उलट खाली घेतला. “मंग हे तिथं माईकवर का नाय बोललात?”

जे खंडेरावांना खरं वाटत होतं तेवढं त्यांनी सांगितलं, की ती दोन झाडंसुद्धा आपण वाचवली नाहीत, मशीनवाल्या सोमानं वाचवली. त्यानं ओळखून मशीन थांबवलं, म्हणून आपल्याला सकाळपर्यंत वेळ मिळाला.

“मंग त्याचा नारळ त्याला द्या,” रंगूबाई म्हणाली. “मी दिल्याला परत घेत नाय. पण तुमच्या घरात फोडू नका.”

सोमाची टोळी तेव्हा त्याच रस्त्यावर दोन कोसांवर उतरली होती. खंडेराव तसेच शालीची घडी पिशवीत कोंबून निघाले. सुट्टीमुळं काम बंद होतं. सोमा एका ओंडक्यावर बसून कानशीनं चेनचे दात घासत होता, एकेक दात तीनदा, मग पुढचा. खंडेरावांनी नारळ त्याच्यापुढं धरला. सत्काराची हकिगत सांगितली, रंगूबाईचं सांगितलं, आणि त्या दुपारी तू मुद्दाम मशीन थांबवलंस, तुझे उपकार आहेत, असं मोठ्या कष्टानं बोलले.

सोमानं कानस बाजूला ठेवली. त्याला काही उमजेना असं तोंड केलं त्यानं.

“मुद्दाम कशाला? खिळा होता त्यात. कोणीतरी पाटी ठोकल्याली असंल, साल वाढून खिळा आत गेल्याला. चेनचे पंधरा दात गेले त्या दिवशी. नायतर ती दोन बी तीनपर्यंत पाडली असती.”

खंडेराव उभेच होते. वारा नव्हता. बाजूला उद्या पाडायच्या झाडांच्या बुंध्यांवर क्रमांक चमकत होते. ही ‘अ’ यादीतली, सुनावणी झालेली.

“पण तू माझ्याकडं बघितलंस,” ते म्हणाले.

“ते सकाळी. सकाळी बघितलं, म्हणून तर विचारलं ना तुम्हाला, यादी बघून सांगा म्हणून. झाड फुलल्यालं मला दिसत नव्हतं व्हय? मी रोजावरचा माणूस, मी कसं थांबवणार? तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी दोरीला हात लावला नसता.” हे तो रागानं बोलला नाही. चेन कशी घासायची ते सांगावं, तसं सांगितलं. मग नारळाकडे बघून म्हणाला, “कापणाराला कसला नारळ, भाऊसाहेब. नऊ मीच पाडली.”

त्यानं नारळ घेतला नाही आणि खंडेरावांनी मागं घेतला नाही. तो ओंडक्यावर दोघांच्या मध्ये राहिला. सोमानं सरकून जागा केली, तसे खंडेराव शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, उद्या किती वाजता सुरू करणार. आठला, सोमा म्हणाला.

“मी येईन यादी घेऊन,” खंडेराव म्हणाले. “प्रत्येक झाडाला मला विचार. मी गप्प राहिलो तर पुन्हा विचार. दोनदा विचारल्याशिवाय मशीन लावू नकोस.”

सोमानं कानस उचलली, अंगठ्यानं दाताची धार चाचपली.

“आणि दुसऱ्यांदा बी गप्पच बसलात तर?”

खंडेराव समोरच्या झाडाकडे बघत होते. कडुनिंब होता तो. कोवळ्या पानांनी लालसर झालेला, ओळखायला अगदी सोपा. नाही, असं होणार नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि सोमा दात घासायचा थांबून वाट बघत राहिला.